दावा कुठल्या गावी लावायचा

सातवीत शाळा सुटली, पण माझं अक्षर मोत्यासारखं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं पुढे नातवाच्या पुस्तकातून शिकले. त्यामुळे इथे दोह्यात, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगीत कुणा मराठी माणसाला फॉर्म भरायचा असला की तो आधी माझी बेल वाजवतो. चहा मिळतो, फॉर्म भरून मिळतो, वर सल्ला फुकट.

वरच्या मजल्यावरच्या मुलीचा नवरा गेला तेव्हाही कागद माझ्याकडेच आले. मुलगी म्हणते मी, पण आहे चांगली पस्तिशीची. एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. नवरा सुट्टीवर गावी गेला होता. चिपळूणच्या अलीकडे हायवेवर ट्रकने त्याच्या मोटरसायकलला मागून उडवलं. चार महिने झाले होते, भरपाईचा दावा लावायचा होता, आणि मुदत सहा महिन्यांची.

तिचा थोरला दीर गावातच असतो. माणूस वाईट नाही हो, भावावर जीव होता त्याचा. पण एखादं काम त्याने हातात घेतलं की बाकीच्यांनी नुसती मान हलवायची. फोनवर त्याने परस्पर जाहीर केलं, "दावा आपल्या रत्नागिरीलाच. वकील आपल्या पडवीत बसणारा आहे. तू सही कर नि गप बस."

ते "गप बस" तिला लागलं. मला म्हणाली, "काकू, मी विमानातून उतरून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आता निदान त्याची केस तरी माझ्या हातात राहू दे. पुण्याला आई आहे, दर सुट्टीत मी तिथेच जाते. तारखेला मी स्वतः उभी राहीन."

मग पुण्याच्या एका वकीलबाईंना व्हिडिओ कॉल लावला. मी मागे भाजी निवडत बसले होते, म्हणजे ऐकत होते.

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, कायद्यात तीन जागा आहेत. अपघात झाला तिथे, दावा करणारा राहतो तिथे, नाहीतर ज्याच्यावर दावा तो राहतो तिथे. त्यातली निवडायची कुठली, ते दावा करणाऱ्याने. म्हणजे तुम्ही."

"दिराने नाही ना?" मी मागून.

"नाही, काकू."

"जरा मोठ्याने सांगा. रेकॉर्ड करून पाठवते."

"तुम्ही पुण्यात राहता असा काही कागद आहे?" त्यांनी विचारलं, आणि पोरगी हळूच माझ्याकडे बघायला लागली.

आता माझा पराक्रम सांगते. पहिल्याच महिन्यात दाखले काढण्यापुरतं एक मुखत्यारपत्र दिराच्या नावाने केलं होतं, ते मीच भरलं होतं. त्यात "सध्या राहणार" याच्यापुढे मी झोकात गावाचा पत्ता लिहिला. हाताची सवय! इथे आमच्यातला जो तो तेच लिहितो. घराला दहा वर्षं कुलूप असेना का, कौलांवर माकडं नांदेनात का, पत्ता गावाचाच. तिने पुण्याचं नाव काढल्यापासून दीर तोच कागद नाचवत होता. "तुझ्याच सहीखाली लिहिलंय, राहणार आमचं गाव. पुणे आलं कुठून?"

"मग आता पुण्याचा पत्ता टाकू की," मी पेन काढलं. "माझ्याच अक्षरात चूक, माझ्याच अक्षरात दुरुस्ती."

"काकू, शपथेवर खोटं लिहायचं नाही," वकीलबाई कडाडल्या. "त्या दोह्यात राहतात, तेच लिहायचं."

"मग लावा दोह्यात केस! अपघात काय इथे कॉर्निशच्या समुद्राकाठी झालाय?"

पोरगी हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. तिची लेक खोलीतून ओरडली, "आजी, यू आर सो लाउड!"

"तिसरी जागा राहिली ना अजून," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "ट्रकचा मालक कुठला?"

पोलिसांच्या कागदांचे फोटो दिरानेच व्हॉट्सॲपवर पाठवलेले, सगळे आडवे. आधी मी मान वाकडी केली, मग फोन वाकडा केला. ड्रायव्हर विजापूरकडचा. आणि मालक? राहणार हडपसर, पुणे.

"अगं बाई, हा तर तुझ्या माहेरचा निघाला!" त्या मेल्याला शिव्या द्याव्यात की पेढा, मला कळेना.

"लागतो दावा पुण्यात," वकीलबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी तिने दिराला फोन लावला. स्पीकर चालू, आणि मी अक्षरही बोलायचं नाही अशी शपथ घातलेली. मी आपली तोंडावर पदर धरून बसले.

"काय गो, तुला कोर्टातलं काय कळतं?"

"आता थोडं कळतं, भाऊजी. रत्नागिरीलाही लागतो, पुण्यालाही लागतो. कुठे लावायचा ते मी ठरवायचं असतं. मी पुणे ठरवलंय."

"त्या खालच्या म्हातारीने भरवलंन असेल तुला!"

मी उठलेच. तिने गुडघा दाबून मला खाली बसवलं.

"त्यांनी फक्त पत्ता चुकवला. ठरवलं मी."

"आणि तारखांना? तू तिथं वाळवंटात."

"मला बोलावतील तेव्हा मी येईन. एरवी वकीलबाई आहेत. पण साक्षीला तुम्ही लागाल, भाऊजी. त्याच्यापाशी सगळ्यात आधी तुम्ही पोचलात. ते तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

पलीकडे खाकरणं ऐकू आलं. दोनदा.

"सकाळची एसटी धरली तर वेळेत पोचेन?"

"आदल्या दिवशीच या. आईकडे उतरा."

"तुझी आई आमटीत गूळ घालते."

"साक्षीपुरता सोसा, भाऊजी."