बाबांनी नापास केलेले चार नकाशे

बांधकाम खात्यातल्या माझ्या नोकरीत कुठल्याही साहेबाने माझा एखादा नकाशा दोनदा परत पाठवला नाही. बाबांनी एकच नकाशा चार वेळा नापास केला, आणि तोही माझ्या रविवारच्या सुट्ट्या खाऊन.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पनवेलची आमची बेने इस्राएल ज्यू माणसं एकेक करून इस्राएलला निघाली होती. थोरला भाऊ बायकोला घेऊन आधीच गेला होता आणि तिकडे त्याला मुलगा झाला होता. न पाहिलेल्या त्या नातवात आईचा जीव अडकला होता. बाबा आमच्या प्रार्थनाघराचे, सिनेगॉगचे, मुकादम, म्हणजे तिथली सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. गाव त्या इमारतीला मशीद म्हणायचं, आणि घरात आम्हीही तेच म्हणायचो. जायचा विषय निघाला की बाबा म्हणत, "तिकडे अशीच मशीद असती तर उद्या निघालो असतो."

मी पत्रात कळवलेलं ते वाक्य भावाने पकडलं. त्याचं पत्र आलं: आमच्या वस्तीतले लोक सिनेगॉग बांधायचं म्हणतात, पनवेलचा नकाशा पाठवा, हुबेहूब बांधू. त्याच दुपारी आईने मोठी ट्रंक उन्हात काढली.

पहिल्या रविवारी मी टेप आणि खात्याचा ओळंबा घेऊन गेलो. दोनच तासांत मला कळलं की आमच्या पूर्वजांनी इमारत बांधली खरी, पण ओळंबा लावून उभं-आडवं तपासायची तसदी कोणी घेतली नव्हती. बायकांच्या सज्जाखालचा डावीकडचा खांब चांगला चार बोटं कललेला. मी कागदावर तो सरळ केला. आमच्या धंद्यात याला सुधारणा म्हणतात. बाबांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "ही आपली मशीद नव्हे."

मी म्हटलं, खांब वाकडा आहे. त्यांना ते पटेना. शेवटी कौलं चाळायला आलेल्या विचुंब्याच्या म्हाताऱ्या गवंड्याला आम्ही विचारलं. तो खांबाकडे बराच वेळ बघत राहिला. "माझ्या आजानं उभा केलेला हाय ह्यो. खांब सरल हाय, जमीन तुमची तिरकी हाय." बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की सरकारी ओळंबा मी मुकाट्याने खिशात घातला.

दुसरा नकाशा वाकड्या खांबासकट केला. आता कोपऱ्यात इमारतीचा इतिहास दोन ओळींत हवा, असं बाबांचं म्हणणं पडलं. शनिवारी प्रार्थनेनंतर मी म्हाताऱ्यांना विचारलं आणि पस्तावलो. एकाच्या मते पलटणीतल्या कुणा सुभेदाराने ती बांधली. दुसऱ्याच्या आज्याने घाण्याचा बैल विकून सागवानी तुळया आणल्या होत्या. तिसऱ्याचं म्हणणं, तुळया कुणी आणल्याच नाहीत, फुटलेल्या गलबतातून खाडीत वाहत आल्या. तिघेही इतके तावातावाने बोलत होते की रविवारी मी नकाशावर तिन्ही इतिहास लिहिले. "खोटं लिहू नकोस," म्हणून बाबांनी ते तिन्ही खोडले.

तिसऱ्या नकाशात जोडे काढायची फळी राहिली होती. चौथ्यात, जिथे उभं राहून धर्मग्रंथ वाचतात त्या मधल्या चौथऱ्याच्या कठड्याचा एक लाकडी गज काढायचा राहिला. मी वैतागून म्हटलं, गज मोजायला कोण येणार आहे? "मी," बाबा म्हणाले. आई भाकऱ्या थापत होती. ती म्हणाली, "तुमचा नकाशा पुरा होईस्तोवर नातवाला दाढी येईल."

पाचव्या खेपेला मी गज मोजले, फळी काढली आणि खात्याच्या सवयीप्रमाणे कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण मारला. तिथेच घोटाळा झाला. धर्मग्रंथाच्या पवित्र गुंडाळ्यांचं कपाट आमच्याकडे पश्चिमेच्या भिंतीत, कारण पनवेलहून जेरुसलेम पश्चिमेला. पिढ्यान् पिढ्या आम्ही त्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. पण भावाची वस्ती होती दक्षिणेच्या वाळवंटात. तिथून जेरुसलेम उत्तरेला. मी म्हटलं, सोपं आहे, अख्खी इमारत फिरवायची.

बाबांचा चेहरा खुलला. "फिरवायची? मग सकाळचं ऊन दारातून कसं येणार? कपाटाच्या पडद्यावर कसं पडणार? म्हणजे तिकडे अशी मशीद होऊच शकत नाही!" इतक्या आनंदाने हरकत घेणारा माणूस मी कचेरीतसुद्धा पाहिला नाही.

आईने तवा खाली उतरवला. "अहो, त्या भिंतीकडे तोंड करून इतकी वर्षं तुम्ही देवाकडे काय मागत होतात?"

बाबा नकाशातले गज पुन्हा मोजू लागले.

"जेरुसलेमला ने, हेच ना? आता पोरगा न्यायला बसलाय, तर तुम्ही गज मोजताय."

बाबांनी चष्मा काढला. "आपल्यातले पुरुष आता दहाच उरलेत," ते म्हणाले. "ह्या पोराला धरून. दहा झाले तरच कपाट उघडून वाचता येतं. मी गेलो की नऊ. मग बाकीच्यांनी दर शनिवारी त्या बंद कपाटाकडे बघत बसायचं?"

मला स्वतःची लाज वाटली. इमारत मी बोट न् बोट मोजली होती, माणसं मोजली नव्हती.

"मग तुम्ही जा, मी बसते दहावी," आई म्हणाली. "चाळीस वर्षं सज्जातून ऐकतेय. मला सगळं पाठ आहे."

"बायका धरत नाहीत," बाबा अगदी हळू म्हणाले.

"ठाऊक आहे." तिने हात धुतले, पदराला पुसले. "हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत, तर पोराचे पाच रविवार वाचले असते."

ती त्यांच्याशेजारी बसली. तिने माझ्याकडून कागद आणि टाक मागून घेतला. भावाला नेहमी मी लिहीत असे, त्या दिवशी तिने स्वतः लिहिलं. मी नकाशाची घडी करून पाकिटात घालत होतो, तेव्हा वाचलं: "नकाशा पाठवते. इमारत हवी तशी फिरवून घ्या. ह्यांना पाठवता येत नाही, इथे मग एक माणूस कमी पडेल. मीही येत नाही. पोराचा फोटो पाठव, आणि दर वर्षी पाठवत जा."