मेल्रॉय जिंकला तो दिवस

उत्तनच्या मायकेलची बोट होती, पण त्याच्या मुलाला समुद्र लागायचा. मेल्रॉयने बोटीत पाय ठेवला की उलट्या सुरू. तीन मोसम बापाने वाट बघितली, मग एके दिवशी म्हणाला, "तुझं हे काम न्हाय. दुसरं काय ते बघ." रागावला नव्हता. जे होतं ते बोलला.

एका मामाच्या ओळखीने मेल्रॉय मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात गवत कापायला लागला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पहाटे मशीन घेऊन हिरवळीवरून सरळ रेषेत जायचं, वळायचं, परत यायचं. सोमवारी मेंबरांना सुट्टी असायची आणि नोकरांना खेळायची मुभा. माळ्यांचे मुकादम धर्माजी यांनी त्याला एक जुनी काठी दिली, मेंबराने टाकून दिलेली. मेल्रॉय खेळायला लागला, आणि लोक बघत राहिले. भोकाजवळची हिरवळ कुठे उतरते, गवत कुठल्या बाजूला झुकलंय, हे त्याला वाकून बघावं लागत नसे. ते गवत त्यानेच कापलेलं असायचं.

चोविसाव्या वर्षी, तिसऱ्या प्रयत्नात, तो व्यावसायिक खेळाडूंच्या परीक्षेत पास झाला. मायकेलने जाळं विणता विणता विचारलं, "चेंडू भोकात गेला की काय करतात?"

"बाहेर काढतात, पप्पा."

"मंग?"

"मग पुढच्या भोकाकडे जायचं."

मायकेलने थोडा विचार केला. "बरं हाय," म्हणाला.

पुढची नऊ वर्षं मेल्रॉय चंदीगड, जयपूर, बंगळुरू, दिग्बोई करत फिरला. चार दिवसांची स्पर्धा. पहिल्या दोन दिवसांनंतर खालचे निम्मे खेळाडू घरी. कधी तो घरी यायचा, कधी शेवटपर्यंत टिकायचा. एकदा तिसरा आला, दोनदा पाचवा. मधल्या काळात जॉयसशी लग्न झालं. ती भाईंदरच्या एका शाळेच्या ऑफिसात होती. तो नसला की सासऱ्याचं जेवणखाण, डॉक्टर सगळं तीच बघायची.

कोलकात्याच्या स्पर्धेत तिसऱ्या दिवसाअखेर मेल्रॉय दुसऱ्या नंबरावर होता. चौथ्या दिवशी सकाळी सहाला जॉयसचा फोन आला.

"मेल्रॉय, पप्पा गेले. बंदरावर बोटीतून उतरले आणि तिथेच बसले. डॉक्टर येईपर्यंत... दफन उद्या दहाला ठेवलंय."

"माझं तिकीट आहे संध्याकाळचं," मेल्रॉय म्हणाला. "आठचं."

"आठचं?" जॉयसने विचारलं. मग म्हणाली, "बरं."

त्याने दाढी केली. दोन उकडलेली अंडी खाल्ली. नऊ पन्नासला त्याचा पहिला फटका होता. त्या दिवशी त्याची बॅग जितेंद्र उचलणार होता. जितेंद्रही खेळाडूच, पण दोन दिवसांतच बाहेर पडलेला. मेल्रॉय त्याला काही बोलला नाही. सांगायचं ठरवलं नव्हतं, लपवायचंही ठरवलं नव्हतं. अंगावर जाड गोधडी घेऊन चालावं तसं वाटत होतं. आवाज लांबून येत होते. हात मात्र आपलं काम करत होते. त्या दिवशी त्याने सदुसष्ट फटके मारले आणि एका फटक्याने स्पर्धा जिंकली.

"आज तू आदमी नहीं था, मशीन था," जितेंद्र म्हणाला.

फोटोवाल्याने हसायला सांगितलं. मेल्रॉय हसला.

दुसऱ्या दिवशी दफनाच्या वेळी चर्चच्या आवारात तो फोटो मोबाइलवरून फिरत होता. बाप घरात बर्फावर, नि पोरगा चषक घेऊन उभा. तोंडावर कोणी बोललं नाही. मेल्रॉयने खड्ड्यात मूठभर माती टाकली, हात झटकले, आणि रडू कधी येतं त्याची वाट बघत उभा राहिला. ते आलं नाही. महिन्याच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, आलं नाही, वर्षाच्या मिसालाही नाही.

त्यानंतर तो चार वर्षं खेळला. हात कापत नव्हता, पाठ दुखत नव्हती. चेंडू भोकात गेला काय, बाजूने गेला काय, त्याला सारखंच वाटायचं, आणि हळूहळू चेंडू बाजूनेच जायला लागला. सदतिसाव्या वर्षी त्याने खेळणं सोडलं. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर कोणीतरी जाळी लावून गोल्फ शिकवायचं सुरू केलं होतं, तिथे तो शिकवायला लागला.

तिथे पंढरीनाथ काका आले. वय एकाहत्तर, दादरहून मीरा रोडला राहायला आलेले, विमा कंपनीतून निवृत्त. त्यांचा मुलगा कौस्तुभ कॅनडात होता आणि दर रविवारी गोल्फ खेळायचा. "उन्हाळ्यात जातोय त्याच्याकडे," काका म्हणाले. "तो खेळणार आणि मी काय गाडीत बसून राहू?"

एका सकाळी, जाळीपाशी दम खाताना, त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही सगळ्यात मोठी मॅच कुठली जिंकलात?"

"कोलकात्याची. एकच जिंकली." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, "त्या दिवशी सकाळी वडील गेले होते."

काकांनी हातातली काठी खाली टेकवली. "मग खेळलात कसे हो?"

"बरा खेळलो. सदुसष्ट."

काका त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी ते विचारलं नव्हतं, हे मेल्रॉयच्या लक्षात यायला घरी जाताना बसमध्ये चौक गावापर्यंतचा रस्ता जावा लागला.

घरी जॉयस बोंबील साफ करत होती. तो दारातच उभा राहिला.

"त्या दिवशी आधीचं विमान होतं का गं? मी बघितलंच नव्हतं."

जॉयसची सुरी थांबली. "अकरा वीसचं होतं. जागाही होत्या. तुला फोन केला तेव्हा विमानांची यादी माझ्यासमोर उघडीच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, आणि तू तरीही नको म्हणाला असतास तर?" ती म्हणाली. "ते मला ऐकायचं नव्हतं."

आपण काय म्हणालो असतो, हे मेल्रॉयने शोधून बघितलं. सापडलं नाही. तो खाली बसला. जॉयसने हात धुतले आणि त्याच्या बाजूला येऊन बसली.

जूनमध्ये कॅनडाहून फोटो आला. मोठ्या हिरव्या मैदानावर पंढरीनाथ काका पांढरी टोपी घालून काठी उगारून उभे होते, मागे कौस्तुभ कमरेवर हात ठेवून हसत होता. मेल्रॉयने फोटो मोठा करून काकांचे हात बघितले, आणि उत्तर पाठवलं: "डावा अंगठा सरळ ठेवा, काका."