आमोसकाकांचं रीडिंग

आमच्या कॉलेजच्या यूट्यूब चॅनलवर टायट्रेशनचा, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडून मोजायच्या प्रयोगाचा, एक व्हिडिओ आहे, लॉकडाऊनमध्ये काढलेला. त्यात फक्त दोन हात दिसतात आणि एक आवाज ऐकू येतो. आवाज माझा आहे. ‘विद्यार्थी मित्रहो, आता बुरेटमधलं द्रावण थेंब थेंब सोडा,’ वगैरे. हात आमोसकाकांचे आहेत. डाव्या हाताने बुरेटची, म्हणजे आकडे कोरलेल्या काचेच्या नळीची, तोटी फिरवत उजव्याने फ्लास्क हलवत राहायचा आणि शेवटचा अर्धा थेंब काचेला टेकवून आत घ्यायचा, हे त्या हातांना जमतं. माझ्या हातांना जमत नाही. व्हिडिओखाली ‘केदार सर, काय सुरेख करता तुम्ही!’ अशा कमेंट आहेत. मी त्या कधी पुसल्या नाहीत. उलट दोन-तीनांचे आभारही मानलेत.

आमोसकाका म्हणजे श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. त्यांचे वडील इथेच शिपाई होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि नुकत्याच बारावी सायन्स पास झालेल्या आमोसना अनुकंपेवर घेतलं. ‘दोन वर्षं कर, मग जा बीएस्सीला,’ असं आईने सांगितलं होतं. त्या दोन वर्षांची तेहतीस झाली. सकाळी साडेसातला कुलूप उघडायचं, द्रावणं करायची, भांडी धुवायची, पोरांनी फोडलेल्या नळ्या वहीत लिहायच्या आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. प्रयोगशाळेला खिडकी एकच, आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर ग्रंथालयाची नवी भिंत उभी राहिलेली. दिवसभर ट्यूबलाइट लागते. मला तिथे दोन तासांत गुदमरतं. काकांना विचारलं तर म्हणाले, “सवय हाय सर. भायेर गेलो की डोळे दिपत्यात.”

आता परीक्षेचा एक प्रकार सांगायला हवा, कारण सगळं तिथेच अडलं. प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्या मुलांना एकच द्रावण देतात. ते परीक्षकाने आधी स्वतः मोजायचं असतं. जो आकडा येईल ते स्टँडर्ड रीडिंग. मुलाचा आकडा त्याच्या जवळ आला की गुण, चार दशांशांहून जास्त फरक पडला की त्या प्रयोगाला शून्य. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात तेहतीस वर्षं ते रीडिंग काका घ्यायचे आणि परीक्षक चहाचा कप बाजूला ठेवून खाली सही करायचे.

दुसरा प्रकार कागदावरही नाही. ज्याचे हात थरथरतायत, ज्याचं द्रावण तीनदा बिघडलंय, अशा पोराशेजारी काका पाण्याची बाटली बदलायला यायचे आणि खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत आकडा सांगायचे. पोरगं उत्तरावरून उलटं गणित मांडून मोकळं व्हायचं. मी तसाच एक पोरगा. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत माझा फ्लास्क तिसऱ्यांदा गडद गुलाबी झाला, म्हणजे थेंब जास्त पडले, तेव्हा मी रडायच्या बेतात होतो. काका आले. “केदार, आठ पॉइंट सहा,” एवढंच म्हणाले. मला पैकीच्या पैकी गुण पडले. मग एमएस्सी, तीही ॲनालिटिकल केमिस्ट्रीत, म्हणजे मोजण्याच्याच शास्त्रात! तिथे सगळं यंत्रं मोजायची. पीएचडीही एका यंत्राच्या जिवावर झाली. आणि मी तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नव्याने नेमणूक मिळेल या आशेवर, त्याच प्रयोगशाळेत ‘सर’ होऊन परत आलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण पोहरा आडाला विचारत नाही, आणि मला कुणी विचारलं नाही.

पन्नाशी जवळ आल्यावर काकांच्या मनाने उचल खाल्ली. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी व्हायची होती. तिला बीएस्सी लागते. संस्थेने तोंडी सांगितलं, जूनअखेर पदवी दाखवा, जागा तुमची, नाहीतर बाहेरून भरू. काकांनी आधीच मुक्त विद्यापीठात नाव घातलेलं होतं. त्याचं केंद्र आमच्याच कॉलेजात, प्रात्यक्षिकं रविवारी. सहा दिवस ज्या टेबलाखाली फडकं मारायचं, सातव्या दिवशी त्याच टेबलाशी वही घेऊन उभं राहायचं. चर्चमधली सकाळची उपासना चुकायला लागली. त्यांच्या बायको, ग्लोरियाकाकू, तिथे गायनमंडळात आहेत. त्या मला म्हणाल्या होत्या, “देवाला सांगितलंय मी, तीन वर्सं रजा समज. पास झाले की येतील परत.”

त्यातच त्यांनी सरकारी पोर्टलवरचा मापनशास्त्राचा ऑनलाइन कोर्स केला. बारा आठवडे. ॲसिडच्या बाटल्यांच्या खोलीत स्टुलावर मोबाईल ठेवून इंग्रजी व्याख्यान लावायचे, दर मिनिटाला थांबवायचे, शब्द वहीत उतरवायचे. परीक्षेला एसटीने नगरला गेले आणि चौऱ्याऐंशी टक्के घेऊन आले. कॉलेजच्या मूल्यांकनाला समिती आली तेव्हा ते प्रमाणपत्र ‘कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण’ या फाइलीत पहिल्या पानावर लावलं होतं. समितीने कौतुक केलं. चहा काकांनीच दिला. हाच तो माणूस, हे सांगायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

कोर्समधली एकच गोष्ट काकांच्या डोक्यात जाऊन बसली. एकदा मला म्हणाले, “सर, आपन रीडिंग म्हनून एक आकडा लिवतो. ते लोक दोन लिवतात. एक मोजलेला आन एक शंका. माझं किती चुकलेलं असू शकतं, त्याचा आकडा. लई खरं वाटलं मला ते.” मी घाईत होतो. “ते संशोधनाला ठीक आहे काका, परीक्षेत एकच लिहा,” म्हटलं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलातल्या एका रविवारी होती. बावीस परीक्षार्थी, त्यांत आमोसकाका. परीक्षार्थी म्हटल्यावर त्या दिवशी त्यांनी स्टँडर्ड घ्यायचा प्रश्नच नव्हता. ते अंतर्गत परीक्षक म्हणून मला घ्यायचं होतं. मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. सुचित्रा मॅडम, बाहेरच्या परीक्षक, येऊन बसल्या होत्या. बुरेट भरली, तोटी सोडली, बघता बघता फ्लास्क गडद गुलाबी झाला. खरं तर फिकट गुलाबीवर थांबायचं असतं आणि तीनदा करायचं असतं. मी एकदाच केलं. १०.८ लिहिलं, सही ठोकली.

तासाभराने टेबलांमधून फिरू लागलो. कुणाचं १०.३, कुणाचं १०.४, कुणाचं १०.२. बावीस जण एका बाजूला आणि मी एकटा दुसऱ्या, आणि मला त्यात काही खटकलं नाही! शिकाऊ आहेत, चुकणारच, असं वाटलं. परंपरेप्रमाणे मी ज्याच्या-त्याच्या शेजारी जाऊन आकडा सांगत गेलो. प्रत्येकाने कृतज्ञतेने माझ्याकडे पाहिलं आणि आपला खरा आकडा खोडला. शेवटी काकांच्या टेबलाशी आलो. मला खरंच भरून आलं होतं. आठ पॉइंट सहाची परतफेड करायची वेळ आली होती. पाण्याची बाटली उचलून मी हळूच म्हणालो, “काका, दहा पॉइंट आठ.”

त्यांनी वर पाहिलं. “सर, तुमी बुरेटची चोच बघितली व्हती का?”

“परीक्षा चालू आहे. बोलू नका,” मी म्हणालो. मला राग आला होता. उपकार करायला गेलेल्या माणसाला येतो तसला.

संध्याकाळी मॅडमनी वह्या तपासल्या. एकवीस वह्यांत १०.८. बाविसावीत तीन रीडिंगं, १०.३, १०.३, १०.३, आणि खाली स्वच्छ अक्षरात ‘शंका ०.०५’. मॅडमनी ती वही दोनदा वाचली. मग चष्मा काढून मला विचारलं, “सर, तुमचं स्टँडर्ड एकदा पुन्हा बघू या का? बुरेट अजून लावलेलीच आहे.”

पाच मिनिटांचं काम होतं. पण पुन्हा करायचं म्हणजे मॅडमसमोर करायचं, आणि माझा हात त्यांना दिसला असता.

“नको मॅडम,” मी म्हणालो, “मी स्वतः घेतलंय.”

त्यांनी काकांच्या त्या प्रयोगाला शून्य दिलं, सगळे गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरले आणि लॉक केले. काका चार गुणांनी नापास झाले.

मॅडमना गाडीत बसवून मी परत आलो. काका ॲप्रन काढून निळा युनिफॉर्म घालून बेसिनशी उभे होते. परीक्षा संपली होती, तेव्हा भांडी धुवायचीच होती. माझी बुरेट त्यांनी काढली नव्हती. मला म्हणाले, “भरा सर. वरपातुर.” मी भरली. त्यांनी तोटीखालच्या निमुळत्या चोचीवर बोट ठेवलं. माझ्या भरण्याने आत हवेचा एक बुडबुडा अडकलेला होता. टिचकी मारून तोटी झपकन उघडली तसा तो निघून गेला, आणि बुरेटमधली पातळी त्याच्याएवढी खाली आली. द्रावण फ्लास्कमध्ये न पडताही आकडा वाढतो तो असा. मग त्यांनी मला पुन्हा भरायला लावलं, माझं मनगट धरून तोटी फिरवली, शेवटचा अर्धा थेंब काचेला टेकवला. फिकट गुलाबी. दहा पॉइंट तीन.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका म्हणाले, “चूक माझी हाय सर. त्या टायमाला तुमाला आकडा सांगितला मी. कीव आली. परत करायला लावलं असतं तर तवाच शिकला असता.”

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ते मनापासून म्हणत होते.

सोमवारी सकाळी मी विद्यापीठाला पत्र लिहिलं. स्टँडर्ड चुकीचं घेतलं गेलं, जबाबदारी माझी, कृपया गुणांचा फेरविचार व्हावा. आधी काकांना वाचायला दिलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं.

“मग बाकीच्यांचं काय?”

“त्यांनी १०.८ लिहिलंय. नवं स्टँडर्ड धरलं की त्यांना शून्य. फेरपरीक्षा घेतील बहुतेक.”

“ती चांगुणा हाय ना, आंगनवाडीवाली, दोन एसट्या बदलून येती. नवऱ्यानं ह्या येवढ्या परीक्षेपुरतं सोडलंय तिला. ती यील का परत?” त्यांनी पत्रावरून नजर उचलली. “त्यांनी खरंच मोजलं व्हतं सर. त्यांना खोडायला आपन लावलं. एकवीस जनांना बुडवून मी वर येऊ व्हय?”

“पण काका, जागा जाईल. तेहतीस वर्षं...”

“आकडा सांगायची सवय आपलीच. आता ती कुनाला तरी भोवनारच की.” त्यांनी पत्राची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली.

मी ते पत्र तरीही टाकू शकलो असतो. टाकलं नाही. ‘काका नको म्हणाले’ हे कारण होतं, आणि जूनमध्ये माझी नेमणूक व्हायची होती हे त्याहून मोठं कारण होतं. पत्र खिशात परत आलं तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं होतं. आपण किती सहज सुटलो, असं वाटलं आणि त्या क्षणापासून सुटका म्हणून झाली नाही. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की ती भिंत आणखी वीतभर पुढे आल्यासारखी दिसते.

जागा बाहेरून भरली गेली. नगरच्या सावेडीची मनवा नावाची मुलगी आली, हुशार आहे, काकांना विचारून विचारून शिकते. काकांनी पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही. “आता कशापायी?” म्हणाले. रविवारी पुन्हा उपासनेला जातात. ग्लोरियाकाकू मला रस्त्यात दिसल्या की नमस्कार करतात. काही विचारत नाहीत. काकांनी घरी काय सांगितलं असेल, हे मला ठाऊक आहे. ‘माझंच चुकलं’ म्हणाले असतील.

एक गोष्ट मात्र बदलली. आता कुठल्याही परीक्षेच्या दिवशी काका मला पावणेआठला बोलावतात. आधी ते मोजतात आणि चिठ्ठी लिहून आपल्या खिशात ठेवतात. मग मला तीनदा करायला लावतात. चोच बघ, डोळा पातळीला आण, थांब, आता अर्धा थेंब. दार लावलेलं असतं, म्हणून तेवढ्यापुरते ते मला पुन्हा केदार म्हणतात. पहिल्या वर्षी माझा आकडा एकदाही जुळला नाही. आता बहुतेक जुळतो. त्या चिठ्ठीवर आकडा असतो, शेजारी शंका असते. ते ती चिठ्ठी आणि माझा कागद शेजारी शेजारी धरून पाहतात.

“पास,” म्हणतात, आणि बुरेट धुवायला घेऊन जातात.