पिवळेपणा गेलेलं पाणी

खारबावजवळ आमच्या विहिरीपलीकडे गोडाऊन उभं राहिलं आणि तिथले लोक मुदत संपलेल्या औषधांचे पिंप मागच्या ओहोळात धुवायला लागले, तेव्हा मी भिवंडीच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होते. माझा प्रकल्पही नेमका तोच निघाला: पाण्यातलं अँटिबायोटिक मोडायचं. विहिरीच्या पाण्यात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक कालवलं की पाणी पिवळं होतं. त्यात नॅनोकणांची राखाडी भुकटी टाकायची आणि भांडं अल्ट्रासाउंडच्या यंत्रात ठेवायचं. कानाला ऐकू न येणाऱ्या त्या आवाजाने पाण्यात बुडबुडे उठून फुटतात आणि भुकटीच्या मदतीने औषधाचे तुकडे होतात. पिवळेपणा जातो.

हे मी घरी सांगितलं आणि बाबांनी गावभर केलं. पोरीने पाणी साफ करायचं मशीन काढलंय म्हणे. मशीन कॉलेजचं, तेही अर्धा वेळ लोडशेडिंगमध्ये झोपलेलं. पण आमच्याकडे उचलली जीभ लावली टाळ्याला.

कॉलेजचा फ्रिज बिघडला म्हणून गाळलेल्या पाण्याची एक बाटली मी घरी आणून ठेवली. हे साफ केलेलं पाणी, हात लावू नका, एवढं सांगितलं. आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू आधी देवापुढे जाते, मग ती भाताची पहिली लोंबी असो की मिक्सर. सकाळी मी अंघोळ करून येते तो आईने बाटली देव्हाऱ्यात रिकामी केलेली. तीर्थ म्हणून पहिला मान वहिनीला दिला होता. तिला सहावा महिना होता.

मी ओरडले. आई गोंधळून म्हणाली, "पानी तूच साफ केलंस ना?"

औषध मोडलं होतं, पण त्याचे तुकडे काय करतात ते मला ठाऊक नव्हतं. प्रकल्पाचे सर म्हणाले, चमचाभर पाण्याने काही होत नाही, पण तुकड्यांबद्दल छातीठोक सांगता येणार नाही. माझ्या डोक्यात फक्त दुसरं वाक्य राहिलं. वहिनीने खोदून विचारलं तेव्हा मी सांगितलं, की हे औषध पोटातल्या बाळाच्या दातांत उतरतं, दात पिवळे येतात. मग बाळंतपणापर्यंत मला तिच्यासमोर धड जेवता आलं नाही.

मुलगी झाली, गुटगुटीत. सगळे निर्धास्त झाले, मी सोडून. तिचे खालचे दोन दात दिसायला लागले तेव्हा आसपास कोणी नाही असं बघून मी तिला ओटीवर उजेडात नेलं आणि ओठ हळूच खाली ओढला. दात पांढरे होते. मला रडूच आलं.

मागे वहिनी उभी होती.

"मी पन रोज बगतंय, ताई," ती म्हणाली. "हिरड्या फुगल्यापासना."