मेलेल्या सोंगटीचं घर

चिंचोके मास्तरांच्या आधी त्यांचा खिसा वर्गात येई. कोटाच्या त्या खिशात फोडलेले चिंचोके खुळखुळत आणि त्या आवाजानं आमची शाळा गप्प होई. छडीनं ती कधीच गप्प झाली नव्हती. लोणावळ्याच्या पलीकडे, डोंगरांच्या बेचक्यातल्या आमच्या गावात ते एकटेच मास्तर. पाढे झाले की सारवलेल्या जमिनीवर बसवून हातात खडू देत आणि म्हणत, "सारीपाट तुमच्या आज्यालाही येतो. तुम्ही तुमचा पट मांडा."

मग ज्याचा त्याचा पट. कुणाचा भातलावणीचा, कुणाचा कार्ल्याच्या जत्रेचा. चिंचोके फेकायचे, जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढे. मास्तर प्रत्येक पट स्वतः खेळत, मन लावून हरत आणि शेवटी विचारत, "मजा कुठं आली?" सांगता आलं नाही की पट पुसायचा. आणखी एक दंडक होता. "मांडायच्या आधी हवं तेवढं भांडा. डाव सुरू झाला की नियम बदलायचा नाही." भांडायला आम्हांला सांगावं लागत नसे.

मी गाईंचा पट केला होता. गाय रानातून गोठ्यात आणायची, वाटेत वाघ. वाघाच्या घरात पडली की बाद. मास्तर पहिल्याच फेरीत बाद झाले आणि भिंतीला टेकून बसले.

"काय गं, आता मी काय करू?"

"बसा बगत."

"मेलेल्या सोंगटीलाही घर ठेवावं, पोरी. तिथून पुन्हा निघता आलं पाहिजे. नुसतं बघत बसण्यात कसली मजा?"

मी फुरंगटले, पण कोपऱ्यात एक घर काढलं.

त्याच हिवाळ्यात धरणाची माणसं साखळ्या घेऊन आली, जमीन मोजली आणि गावभर दगडांना चुना फासून गेली. आम्हा पोरांना वाटलं, मास्तरांनी गावाएवढा पट मांडला! चिंचोके फेकत आम्ही या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत सुटलो. माझ्या आजोबांनी, आबांनी, मला दंडाला धरून खाली ओढलं.

"उतर. त्यो पट आपला न्हाई. हितवर पानी येनार हाय."

मास्तर दुसऱ्या दिवशी धरणाच्या साहेबाला भेटायला त्याच्या तंबूवर गेले. परतले ते हातातला खडू फळ्यापाशी ठेवून दिला. "भांडायला आधी बोलावलंच नाही त्यांनी," म्हणाले.

गाव उठलं. आम्ही इंदुरीला मामाकडे निघालो. गाडीत भांडीकुंडी भरत असताना मास्तर निरोपाला आले. मी त्यांना विचारलं, "मास्तर, आमची सोंगटी तर मेली. आता तिनं कुटं बसायचं?"

प्रत्येक डावाचं उत्तर असलेला तो माणूस माझ्यापुढे उकिडवा बसला आणि सगळा खिसा त्यानं माझ्या ओच्यात रिकामा केला. "ते घर मला काढता आलं नाही, पोरी." ते उठून गेले तेव्हा खिसा वाजत नव्हता.

मास्तरांची पुन्हा भेट झाली नाही. इंदुरीतल्या पोरांकडून आता मी पट मांडून घेते. हौसेनं रंग भरतात, नक्षी काढतात. ती मी मागाहून बघते. आधी ते कोपऱ्यातलं घर शोधते. नसलं, तर पट पुसायला लावते.