संमती घेतलीस ना?

मला आता लोक सल्ला विचारतात, बरं का! मला!

सुट्टीला सोलापुरात आले आणि सात रस्ता चौकात चहाच्या गाडीवर उभी राहिले, की कॉलेजची पोरं-पोरी येऊन घेरतात. "ताई, समाजशास्त्रात पीएचडी करायची म्हणजे सुरुवात कुठून करायची?" मग मी चहा गार होईपर्यंत बोलते. ज्यांच्या हाताखाली काम करायचंय त्यांचं लेखन आधी वाचा. मेल लहान लिहा, आपली जन्मकथा लिहू नका. एकच प्रस्ताव वरचं नाव बदलून पाच प्राध्यापकांना पाठवू नका, ते एकमेकांना ओळखतात. फेलोशिपची चौकशी प्रवेशाच्या आधी करा. आणि आवाजाचं रेकॉर्डिंग पाठवायचं असेल, तर आधी स्वतः कान देऊन ऐका.

"त्यात काय एवढं, ताई?"

काय एवढं? थांबा, अजून एक कटिंग सांगा. माझ्या हुशारीची जी शोभा झाली ती सांगायला एक चहा पुरायचा नाही.

तर मी मंगळवेढ्याजवळच्या एका वस्तीवरची. घरी मेंढरं. आमच्या अख्ख्या भावकीत एमए झालेली पहिली मीच, आणि ते मी चालण्यातून दाखवायचे. सोलापुरात पूर्व भागात श्रीलताच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. श्रीलता माझी वर्गमैत्रीण. तिच्या घरी सगळे एकमेकांशी तेलुगू बोलायचे आणि मला रागवायचं असलं की मराठी.

पीएचडीसाठी मी पुण्याच्या एका विद्यापीठातल्या मॅडमना प्रस्ताव पाठवला होता. विषय, मेंढपाळ कुटुंबांतल्या बायका आणि घरातले निर्णय. मॅडमचा फोन आला.

"लिहिलंस चांगलं. पण फार पुस्तकी आहे गं. हेच तू तुझ्या शब्दांत बोलून मला पाठव. पाठ करू नकोस."

पाठ करू नकोस म्हटल्यावर हुशार विद्यार्थी काय करतो? पाठ करतो! मी गावी गेले आणि 'परिघावरील स्त्रिया', 'संरचनात्मक दुय्यमत्व' असं सगळं घोटून घोटून पाठ केलं. 'लिंगभाव' म्हणताना चेहरा कसा ठेवायचा तेसुद्धा आरशात बघितलं. आवाजाला कसला चेहरा? पण तयारी म्हणजे तयारी!

घरात टीव्ही, अंगणात भावाची मोटारसायकल. म्हणून मेंढरांच्या जाळीमागे बाभळीखाली जाऊन उभी राहिले. फोन तोंडासमोर धरला आणि गंभीर आवाजात सुरुवात केली, "आमच्या समाजात जनावरं विकण्याचा निर्णय पूर्णतः पुरुषांच्या हाती असतो..."

जाळीच्या पलीकडून आवाज आला, "कोन म्हनलं?"

आई! हातात कोकरू, डोक्यावर पदर, आणि चेहरा असा की मी तिच्यावर चोरीचा आळ घेतलाय.

"आई, तू जा की. मी बोलतीया."

"बोल की. पन खोटं का बोलतीस? कोन म्हनलं पुरुषाच्या हातात असतंय म्हनून?"

"आगं पुस्तकात हाय तसं!"

"मग पुस्तकवाल्याची मेंढरं कुनी राखली?"

झालं! सुटली ती. "तुजा बाप बाजारात जातोय, दोरी त्येच्या हातात असती, पैसं बी तोच घेतोय. पन कुटली मेंढी न्यायची त्ये कोन सांगतंय? कोकराला कोन पाजत न्हाय, कोन रात्री खोकतंय, कुनाचा दात पडलाय, त्येला काय ठावं? मी सकाळी नुसतं म्हनायचं, ह्या कपाळपांढरीचं काय खरं न्हाय. की दुपारी त्योच मला येऊन सांगतोय, 'आगं, मी ठरवलंय, कपाळपांढरी इकायची.' मी म्हनती, व्हय, तुमी म्हंताय तसं."

आता यात मी गप्प बसावं की नाही? नाही! "तसं नसतंय आई", "तू मुद्दा सोडू नको", "आदी माजं ऐक", "त्याला निर्णय म्हनत न्हाईत गं", असं मी मधे मधे किंचाळत होते. शेवटी कोकरू ओरडलं, आई गेली आणि माझ्या ध्यानात आलं की रेकॉर्डिंग चालूच होतं.

ते बंद केलं. पुन्हा पहिल्यापासून, एका दमात, एकही शब्द न अडखळता झकास भाषण म्हटलं. रेंज एका दांडीवर आली तसं घाईघाईने मॅडमना पाठवलं, जुनं पुसून टाकलं आणि धावत जाऊन एसटी पकडली.

कोणतं पाठवलं आणि कोणतं पुसलं, हे तुम्हाला कळलंय. मला कळलं नव्हतं!

सोलापूर स्टँडवर उतरते तो मॅडमचा मेसेज. "अप्रतिम! किती जिवंत आहे हे! हाच तुझा विषय. अर्ज नक्की कर."

मी स्टँडवरून घरापर्यंत चालत गेले नाही, तरंगत गेले. श्रीलताला म्हटलं, "बघ! बोलणं कसं असावं!" तिच्या आईला पेढे दिले. एकदा ऐकायला हवं होतं, नाही का? पण स्वतःचा आवाज ऐकायची मला भारी लाज वाटते. कौतुक झालंय ना, मग विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन.

"एक महत्त्वाचं राहिलं. संमती घेतलीस ना?"

मी म्हटलं, वा! किती काळजी! पोरीला घरचे पाठवतील की नाही हेसुद्धा विचारतात.

"हो मॅडम, पूर्ण संमती आहे. फक्त लग्नाचं तेवढं मधे आलंय."

"लग्न? आत्ता, मधेच?"

"तेच ना मॅडम! पण आमच्याकडे म्हणतात, उशीरच झालाय."

"बरं... आणि त्यांचं काय म्हणणं आहे?"

त्यांचं म्हणजे मुलाचं, असं मी धरलं. दुसरं कुणाचं असणार? "ते तयार आहेत. बार्शीला औषधांचं दुकान आहे त्यांचं. पण मीच नको म्हणतेय."

मॅडमचा आवाज एकदम कडक झाला. "हे बघ, तू नको म्हणणारी कोण?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्यांना करायचं असेल तर करू दे. लोकांच्या खासगी आयुष्यात संशोधकाने पडायचं नाही. हा पहिला धडा."

"पण मॅडम, मग माझ्या पीएचडीचं काय?"

"पीएचडीला काय होतंय? उलट त्यातून पुढचे प्रश्न सुचतील. लग्नानंतर त्यांच्याशी पुन्हा बोल."

फोन ठेवला आणि मी गच्चीवर जाऊन बसले. एवढ्या मोठ्या बाई, बायकांच्या हक्कांवर आयुष्यभर लिहिलेल्या, आणि मला सांगतात, बार्शीच्या औषधवाल्याशी लग्न कर! श्रीलता म्हणाली, "असेल बाई, पुण्याची पद्धत वेगळी."

शेवटी रडत आईला फोन लावला. "आई, मॅडमसुद्धा लगीन कर म्हणत्यात गं."

आई उसळलीच. "कुटली मॅडम? तिला हिकडं घिऊन ये, मी बोलती तिच्याशी. तुज्या बापाला थांबवलंय, भावकीला थांबवलंय, ही कोन लागून गेली? माजी पोरगी शिकायची म्हंजे शिकायची. डोळं पूस आन् अर्ज भर."

खरं सांगते, तोवर मला वाटायचं की स्थळं आपोआप परत जातात. आमच्या घरात कोण काय थांबवत होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कानावर पडलं. आणि मी परीघ शोधत फिरत होते! डोळे पुसले. अर्ज भरला.

मुलाखतीला पुण्यात गेले. इस्त्रीची साडी, केस चापून, आवाज बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा. समोर मॅडम आणि समितीतले इतर. मधोमध पांढऱ्या मिशांचे एक सर, ज्यांचं लेखन मी वाचून गेले होते आणि ज्यांना बघून मी वाचलेलं सगळं विसरले.

मॅडम अभिमानाने म्हणाल्या, "हिने पाठवलेला नमुना आधी ऐकू या." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मी मान थोडी झुकवली, नम्र दिसावं म्हणून. आता येणार, 'आमच्या समाजात जनावरं विकण्याचा...'

आलं की! तेवढं एक वाक्य आलं. आणि पाठोपाठ, "कोन म्हनलं?"

अहो, माझ्या अंगातलं रक्त कुठे गेलं ते अजून सापडलेलं नाही! आईचा आवाज त्या थंडगार खोलीत असा घुमला की दाराबाहेरचा शिपाई आत डोकावला. कपाळपांढरी आली, खोकणारी मेंढी आली, पडलेला दात आला. "व्हय, तुमी म्हंताय तसं" आलं तेव्हा पांढऱ्या मिशांचे सर इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले.

रेकॉर्डिंग संपलं. सर पुढे वाकले. "फार मोठी गोष्ट आहे ही. निर्णय घ्यायचा एकाने आणि घेतल्यासारखं वाटू द्यायचं दुसऱ्याला! कोण आहेत या बाई?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. आणि गंमत म्हणजे, बोलावंसंही वाटलं नाही. मी मान वर केली. "माझी आई आहे, सर."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "म्हणजे... ते लग्न तुझं होतं! मी या बाईंची संमती विचारत होते, आणि मला वाटलं लग्न त्यांच्या घरचं!"

सगळा उलगडा झाल्यावर समिती पोट धरून हसली. मॅडम म्हणाल्या, "आईंना रीतसर विचार, त्यांचं बोलणं वापरू का म्हणून. हो म्हणाल्या तरच वापरायचं." सर म्हणाले, "प्रवेशाला माझी हरकत नाही. ही मुलगी ज्या घरातून आलीय तिथेच अर्धा प्रबंध तयार आहे."

मला आकाश ठेंगणं झालं. डोळ्यात पाणी, छाती फुगलेली. नमस्कार करून दारापर्यंत पोचले, तेवढ्यात सरांनी हाक मारली.

"थांब जरा. आई उत्तमच. पण ती दुसरी मुलगी कोण गं? सारखी मधे मधे ओरडत होती. त्या एवढं मोलाचं बोलतायत आणि ही त्यांना वाक्य पुरं करू देत नाही! बहीण का?"

आईशी भांडताना मी जो आवाज काढते, तो आणि मुलाखतीतला माझा आवाज एकाच गळ्यातले आहेत, हे देवालाही पटलं नसतं. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"घरातलीच आहे सर," मी म्हटलं.

"मग तिला पुढच्या वेळी सोबत नेऊ नकोस. संशोधनाला अगदीच निरुपयोगी आहे."

"नाही नेणार, सर."