समंजस सुनेची बोंब

पोलादपूरच्या अनुपमानं कादंबरी लिहिली ती साहित्यसेवा म्हणून नव्हे, सूड म्हणून. उगाच खोटं कशाला बोला!

सासर म्हणजे एकेक नमुना. पाल पडेल या धास्तीनं सासरे ताटावर छत्री धरून जेवायचे. आतेसासूबाई टीव्हीवर बातम्या देणाऱ्याला पदर सावरून उत्तरं द्यायच्या. थोरले दीर बाळभावजी गुरुवारी मौन पाळायचे आणि चहा शिट्टी वाजवून मागायचे. आणि या घरानं वेडी ठरवली कोणाला? अनुपमाला! लेकीचं, सईचं, महाडच्या स्थळाशी जमत आलं होतं. आपल्याला न विचारता बोलणी झाली म्हणून बाळभावजी परस्पर तिकडे जाऊन सांगून आले, "मुलगी चांगली, पण आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. रक्तातच असतं हो ते." झालं, स्थळ मोडलं. सईनं कितीतरी दिवस घराबाहेर तोंड दाखवलं नाही.

कादंबरीत अनुपमानं नावं बदलली, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं. पण गोष्ट सांगणारी सून लिहिता लिहिता भलतीच विचारी निघाली. मेली प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सगळ्यांना समजून घ्यायची! भावजींनी पुस्तक वाचलं, मांडी थोपटली. "लग्न मोडणारा हा आपला कुडपणचा कुशाबा! हुबेहूब उतरवलायस." वर चारचौघांत शाल घालून तिचा सत्कार केला. अनुपमाच्या अंगाचा तिळपापड झाला. यानं जगासमोर कबूल केल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडणार नव्हती.

मग शिमगा आला. त्यांच्या वाडीची रीत अशी, की पेटल्या होळीसमोर ज्याच्या नावानं बोंब ठोकली त्यानं रागवायचं नाही. आरोप खोटा असेल तर होळीत नारळ टाकायचा, खरा असेल तर स्वतःही बोंब मारायची. होळीपुढे खोटं बोलायची कोणाची छाती नव्हती. होळीचे मानकरी बाळभावजीच, नारळ हातातच होता.

विचारी सून गेली खड्ड्यात! अनुपमा पदर खोचून पुढे झाली.

"गो बाय, बायका बोंब मारत नाय," शेजारच्या चंपाबाईनं दंड धरला.

"आज मारतायत."

तोंडावर उलटी मूठ आपटत ती ओरडली, "माझ्या सईचं लग्न बाळभावजींनी मोडलं! मला वेडी ठरवून मोडलं!"

सगळ्या वाडीनं तिच्यामागून बोंब ठोकली आणि मग सगळे भावजींकडे बघत राहिले. त्यांनी नारळ उचलला. जाळाकडे बघितलं. नारळ तसाच काखेत धरून त्यांनी मूठ तोंडाशी नेली आणि कशीबशी बोंब मारली.

"मोठ्यानं, भावजी," अनुपमा म्हणाली. "पार महाडला ऐकू जाऊ दे."